वाळूच्या वाटेवरचा धडा

मुलीकडे अमेरिकेत गेलो असता, लास व्हेगासपासून सुमारे ८० किलोमीटरवरचे ‘व्हॅली ऑफ फायर’ उद्यान पाहण्याचा योग आला. वाळवंटातील तेथील लाल वालुकाश्म म्हणजे १५ कोटी वर्षांहून जुन्या वाळूच्या टेकड्याच. लोहाच्या ऑक्साइडमुळे त्यांना हा रंग आला. त्यांतून जाणारी ‘माउसेस टँक’ ही वाट जाऊन-येऊन जेमतेम सव्वा किलोमीटर. खडकांवर मूलनिवासींनी कोरलेली प्राचीन चित्रे आणि शेवटी पावसाचे पाणी साठणारे नैसर्गिक कुंड.

अंतर इतके थोडे, म्हणून चौघांत पाण्याची एकच बाटली घेतली. पायाखाली भुसभुशीत वाळू, डोक्यावर एप्रिलअखेरचे अकरा वाजताचे ऊन. मी चित्रांचे फोटो काढण्यात दंग. सतत चिवचिवणारी पाच वर्षांची नात गप्प झाली आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. चेहरा लालबुंद, पावले जड. तिने पाणी मागितले नव्हते. मीही विचारले नव्हते. तिला खडकाच्या सावलीत बसवून उरलेले पाणी घोट-घोट पाजले, ओल्या रुमालाने अंग पुसले. वीस मिनिटांनी ती पुन्हा बोलू लागली. तीस वर्षे इतरांना उपदेश करणाऱ्या या बालरोगतज्ज्ञाला तेव्हा स्वतःची लाज वाटली.

वजनाच्या मानाने लहान मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. हवा त्वचेहून तप्त झाली, की त्यांचे शरीर लवकर तापते. आणि खेळाच्या नादात ती तहान सांगतही नाहीत. म्हणून ‘मागतील तेव्हा देऊ’ हे धोरण चुकीचे होय. वेळ आणि पाणी मोठ्यांनीच ठरवले पाहिजे. त्या उद्यानात ‘फायर वेव्ह’, ‘व्हाइट डोम्स’ यांसारख्या वाटा उन्हाळ्यात बंदच ठेवतात. आपल्या इंदुरात मात्र नवतपा तोंडावर आला तरी शिबिरांतील मुले भर दुपारी मैदानावर दिसतात. ‘आम्ही नाही का उन्हात खेळलो?’ हा युक्तिवाद तयारच असतो. खेळलो खरे, पण दुपारी दाराला कडी लावणारी आजी होती आणि हाती कैरीचे पन्हेही होते.

शिबिरासाठी प्रमाणपत्र मागायला पालक आपल्याकडेच येतात. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारू या : खेळ किती वाजता? पाणी किती वेळाने? समाधानकारक उत्तर नसेल, तर सही न करण्याचे धैर्य आपण डॉक्टर मंडळींनी दाखवावे, असे मला नम्रपणे वाटते.