वृद्ध सारथी आणि दंड

सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला तुरुंगांत पाठवावें काय? हा प्रश्न मागील महिन्यांत एका रात्रीं आमच्या घरीं जेवतांना निघाला, आणि ताकभात संपून हात वाळले तरी कोणी पानावरून उठेना. पुतण्याचें म्हणणें, ज्याच्या हातून दोन जीव गेले त्याचें वय विचारण्याचें कारणच नाहीं. वहिनींचें म्हणणें, ज्याला स्वतःचें धोतर सांवरत नाहीं त्याला गजांआड बसवून सरकारच्या पदरीं काय पडणार? माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सर्व नाना म्हणतों, ते त्या दिवशीं कांहींच बोलले नाहींत. मीही बोललों नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

प्रश्न निघाला तो जपानांतील एका खटल्यावरून. 19 एप्रिल 2019 रोजीं भर दुपारीं टोकियो शहराच्या इकेबुकुरो भागांत एक मोटार तांबडे दिवे ओलांडीत ताशीं सुमारें 96 किलोमीटर वेगानें चौकांत घुसली. सायकलवरून चाललेली एकतीस वर्षांची एक माता आणि तिची तीन वर्षांची कन्या अशा दोघी तीत दगावल्या. आणखी नऊ जण जखमी झाले, त्यांत चालकाच्या शेजारीं बसलेली त्याची पत्नीही होती. चालक सत्त्याऐंशी वर्षांचे, औद्योगिक विज्ञान व तंत्रज्ञान या सरकारी खात्याचे एके काळचे प्रमुख. स्वतः जखमी होऊन ते रुग्णालयांत गेले आणि त्यांना अटक झाली नाहीं. त्यांच्या जुन्या अधिकारपदामुळेंच पोलीस हात आंखडते घेत आहेत, असा लोकांचा ग्रह झाला. मृतेच्या पतीनें कठोर शासनाच्या मागणीसाठीं सह्या गोळा केल्या, त्या साडेतीन लक्षांहून अधिक भरल्या.

न्यायालयांत या गृहस्थांनीं मृतांविषयीं दुःख प्रकट केलें, परंतु दोष पत्करला नाहीं. आपण ब्रेकच दाबला होता, गाडीनें दगा दिला, हें त्यांचें म्हणणें अखेरपर्यंत कायम राहिलें. गाडीच्या यंत्रांतील नोंद मात्र निराळें सांगत होती: ब्रेकला पाय लागलाच नव्हता, दाबला गेला तो ॲक्सिलरेटर. 2 सप्टेंबर 2021 रोजीं टोकियोच्या जिल्हा न्यायालयानें पांच वर्षांची शिक्षा दिली. सरकारपक्षानें सात वर्षें मागितलीं होतीं. शिक्षा सांगून झाल्यावर न्यायाधीशांनीं जें सांगितलें तें मला शिक्षेहून मोलाचें वाटतें. निर्णय पटत असेल तर आपली चूक कबूल करा, आणि मृतांच्या आप्तांची मनापासून क्षमा मागा, असा त्याचा आशय होता.

जपानच्या कायद्यांत सत्तरी उलटलेल्या कैद्याची शिक्षा अमलांत आणणें थांबविण्याची सवड आहे. या गृहस्थांनीं अपील केलें नाहीं. ऑक्टोबर 2021 मध्यें ते तुरुंगांत गेले, आणि ऑक्टोबर 2024 मध्यें, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, तेथेंच वारले.

याच्या उलट दुसरें उदाहरण अमेरिकेंतलें. 16 जुलै 2003 रोजीं कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका गांवीं शेतकऱ्यांचा आठवडेबाजार भरलेला असतां शहाऐंशी वर्षांच्या एका गृहस्थाची मोटार बंद केलेल्या रस्त्यावरून थेट बाजारांत शिरली. दहा माणसें ठार झालीं, साठांहून अधिक जखमी झालीं. तेथेंही पायांचाच घोटाळा. ब्रेकच्या जागीं ॲक्सिलरेटर. चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानें बाजाराभोंवतीं भक्कम अडथळा नव्हता, हाही दोष दाखविला. 2006 मध्यें पंचांनीं त्याला दहाही मृत्यूंबद्दल घोर निष्काळजीपणाचा अपराधी ठरविलें. परंतु न्यायाधीशांनीं त्याची खालावलेली प्रकृति पाहून त्याला तुरुंगांत न धाडतां देखरेखीखालीं घरीं राहूं दिलें. 2010 मध्यें तो वारला.

दोन ठिकाणीं दोन निर्णय. आतां आपल्याकडील धर्मशास्त्र काय म्हणतें तें पाहूं. मनूचीं सर्व वचनें आज शिरोधार्य मानावीं असें मी म्हणणार नाहीं. कित्येक तर सरळ त्याज्य आहेत. परंतु आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघातांचें जें प्रकरण आहे तें वाचून मला दर वेळीं आश्चर्य वाटतें. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक भंगलें, किंवा सारथ्यानें 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितलें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. म्हणजे यंत्राचा दोष आणि माणसाचा दोष हे त्या काळींही वेगळे काढीत असत, आणि ब्रेक लागला नाहीं ही सबब नवी नव्हे. पुढें तो सांगतो कीं, सारथी जाणता असून चुकला तर दंड सारथ्याला. परंतु तो अकुशल असेल तर दंड गाडीच्या मालकाला, इतकेंच नव्हे तर अकुशल सारथ्याच्या गाडींत बसलेल्या प्रत्येकालाही शंभर शंभर पण. त्याचें सारथ्य कसें आहे हें दिसत असूनही तुम्ही त्याच्या गाडींत बसलांत, हा तुमचा अपराध!

वार्धक्याविषयींचें वचन निराळेंच आहे. मिताक्षरेंत उद्धृत केलेल्या एका स्मृतिवचनाप्रमाणें ऐंशी वर्षांवरील माणसाला प्रायश्चित्त अर्धें. वहिनींनीं याचाच आधार घेतला. त्यांच्या माहेरीं वेदशास्त्रसंपन्न मंडळी होती, तेव्हां त्यांना वचन तोंडपाठ. परंतु त्यांच्या नजरेंतून एक गोष्ट सुटली, ती मी येथें नमूद करितों. अर्धें होतें तें प्रायश्चित्त, दोष नव्हे. आणि प्रायश्चित्त घ्यावयाचें तर आधीं परिषदेपुढें उभें राहून आपलें कृत्य स्वमुखानें सांगावें लागतें. जो म्हणतो कीं माझ्या हातून कांहीं घडलेंच नाहीं, त्याला अर्धें तरी कशाचें देणार?

वाल्मीकींच्या अयोध्याकांडांत तरुण दशरथ अंधारांत घागर भरण्याचा आवाज ऐकून बाण सोडतो आणि अंध मातापित्यांचा एकुलता एक मुलगा मारतो. हेतु नव्हता, हत्तीचा भास झाला होता. परंतु तो पळून गेला नाहीं. पाण्याची घागर घेऊन तो त्या वृद्धांपुढें गेला आणि मीं मारलें असें त्यानें सांगितलें. तेव्हां तो वृद्ध पिता म्हणतो कीं, हें तूं आपण होऊन सांगितलें नसतेंस तर तुझ्या मस्तकाचीं शकलें झालीं असतीं. शाप चुकला नाहीं. पण सांगितल्यामुळें तो त्या क्षणीं जगला. मुलांना हा भाग शिकवितांना मी 'शब्दवेध' या शब्दाचा समास सोडवून दाखवीत असें आणि पुढें जात असें. त्या घागरीकडे माझें लक्ष फार उशिरा गेलें.

म्हणून माझें मत असें कीं, वृद्धाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्याला कारावास व्हावा. मुदत वयाकडे पाहून कमी करावी, आणि ज्यानें पहिल्याच दिवशीं चूक पत्करली त्याची आणखी कमी करावी. परंतु केवळ वयासाठीं निर्णय पुसून टाकूं नये. टोकियोचा निर्णय मला न्याय्य वाटतो. सांता मोनिकाच्या न्यायाधीशांची दया मला समजते; पण दहा घरांतील माणसांना ती काय वाटली असेल, हें त्यांच्या जागीं बसल्याशिवाय कोणीं बोलूं नये. आपल्या देशांत निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्यास पूर्वीं दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 अन्वयें ती पांच वर्षांपर्यंत वाढली आहे. ऐंशीच्या पुढें माफी, असें तींत कोठें लिहिलेलें नाहीं.

पण खरें सांगावयाचें तर माझें मन या दंडाच्या प्रश्नांत फारसें गुंतलेलें नाहीं. तें गुंतलें आहे त्या शंभर शंभर पणांत.

नाना यंदा ब्याऐंशी पूर्ण करतील. गेलीं पंचेचाळीस वर्षें ते मोटार चालवितात. एके काळीं कोंकणांतले घाट रात्रीच्या पावसांत त्यांनीं उतरलेले आहेत आणि आम्ही मागें निर्धास्त झोपलेलों आहों. गेल्या मार्गशीर्षांत एका सकाळीं ते अंगणांत गाडी मागें घेत होते. ती थांबण्याऐवजीं झेपावली आणि वृंदावनाचा कोपरा उडाला. तुळस उन्मळून पडली. नाना उतरले आणि म्हणाले, "ब्रेक लागलाच नाहीं." गाडी कारखान्यांत पाठविली. ब्रेक उत्तम आहेत, असें मिस्त्रीनें पुतण्याला सांगितलें. पुतण्यानें मला सांगितलें. मीं वहिनींना सांगितलें. नानांना कोणीं सांगितलें नाहीं. त्या सकाळीं पाऊण घटकेपूर्वीं आमची धाकटी नात त्याच वृंदावनाच्या कडेला बसून भातुकली मांडीत होती. तीही तीनच वर्षांची.

गवंडी बोलावून वृंदावन नवें केलें, नवी तुळस लाविली, आणि पुढच्या आठवड्यांत आम्ही पांच जण नानांच्या गाडींत बसून लग्नाला गेलों. पांचशें पण झाले!

परवाना त्यांच्या खिशांत होताच. आपल्याकडे पंचावन्न वर्षांनंतर तो पांच पांच वर्षांनीं नवा करून घ्यावा लागतो व डॉक्टरचें प्रमाणपत्र जोडावें लागतें. मुदतींत अर्ज केला तर गाडी चालवून दाखवावी लागत नाहीं. जपानांत पंच्याहत्तरीनंतर स्मरण व बुद्धीची परीक्षा घेतात, आणि मे 2022 पासून ज्यांच्या नांवावर ठराविक नियमभंग आहेत अशा वृद्धांना प्रत्यक्ष चालवूनही दाखवावें लागतें. त्या अपघाताच्या वर्षीं, म्हणजे 2019 मध्यें, तेथें सुमारें सहा लक्ष लोकांनीं आपण होऊन परवाने परत केले. मला हा आंकडा त्या पांच वर्षांच्या शिक्षेहून मोठा वाटतो. प्रत्येक परवान्यामागें कोणत्या तरी घरांत कोणीतरी तोंड उघडलें असलें पाहिजे.

आमच्या घरांत तें मला उघडावें लागलें, कारण पुतण्यानें बोलणें म्हणजे मुलानें बापाला शिकविणें, आणि वहिनी तर बोलणारच नाहींत. त्या जेवणानंतर दोन दिवसांनीं मी नानांच्या खोलींत गेलों. म्हटलें, "नाना, ब्रेक ठीक होते." ते वर्तमानपत्रावरून नजर न काढतां म्हणाले, "ठाऊक आहे मला." मग बराच वेळ आम्ही दोघेही गप्प. शेवटीं त्यांनींच विचारलें, "तुझें वय काय आतां?" मीं सांगितलें, सहासष्ट. ते म्हणाले, "मग तुझी किल्ली कोणीं घ्यावयाची, तें आजच पुतण्याला सांगून ठेव. पुढें तूं ऐकणार नाहींस." आणि सदऱ्याच्या खिशांतून किल्ली काढून त्यांनीं मेजावर ठेविली.

ती आतां देवघराशेजारच्या खुंटीवर असते. दर गुरुवारीं नानांना दत्ताच्या देवळांत नेण्याचें पुतण्यानें कबूल केलें आहे. गेल्या गुरुवारीं त्याला कचेरींतून यावयास उशीर झाला. मी बाहेर गेलों होतों. परत आलों तेव्हां धोतर, उपरणें नेसून, हातांत नारळ घेऊन नाना अंगणांत उभे होते. किती वेळ, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. वहिनी म्हणाल्या, पाऊण तास.