बोरीबंदरचें स्टेशन कोणासाठीं?

मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसविषयीं आजकाल दोन पक्षांचे लोक मोठ्या कळकळीनें बोलतांना आढळतात. पहिल्या पक्षास ती इमारत म्हणजे शहराचा एक अलंकार वाटते. तिचे घुमट, तिच्या कमानी व तिच्यावरील दगडी पशुपक्षी यांना धक्का लागूं नये, एवढेंच त्यांचें मागणें असतें. दुसऱ्या पक्षास ती मोक्याची जमीन वाटते; इतक्या वर्दळीच्या जागीं दुकानें व उपाहारगृहें थाटून उत्पन्न कां काढूं नये, असा त्यांचा सवाल असतो. हे दोन पक्ष एकमेकांशीं हिरीरीनें भांडतात. परंतु या स्टेशनाचा खरा धनी जो उतारू, त्याचें नांव दोघांच्याही तोंडीं क्वचितच येतें. त्याची बाजू मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१८५३ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची आगगाडी गेली, तेव्हां आजची इमारत नव्हती. ती १८७८ सालीं हातीं घेण्यांत आली आणि १८८८ सालीं पुरी झाली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याचा. कोरीवकामास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतील विद्यार्थ्यांचे हात लागले. १८८७ सालीं तिला व्हिक्टोरिया राणीचें नांव मिळालें. १९९६ सालीं तें जाऊन छत्रपतींचें आलें. २००४ सालीं 'युनेस्को'नें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. हें सर्व बहुतेकांस ठाऊक आहे. ज्याकडे लक्ष जात नाहीं ती गोष्ट निराळीच. ज्या दालनाच्या छतावर सोनेरी तारे काढले आहेत, व ज्याला त्यामुळें 'स्टार चेंबर' म्हणतात, तें साहेबांच्या बैठकीचें दालन नव्हे. तें तिकीटघर आहे. जी. आय. पी. कंपनीनें तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल कमी केले असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि नफ्यासाठीं चाललेल्या त्या परकी कंपनीलाही आपल्या वास्तूंतील एक अत्यंत देखणें दालन तिकीट काढावयास येणाऱ्या माणसासाठीं राखावेंसें वाटलें, हें विसरून चालणार नाहीं.

स्टेशनाचें काम काळाबरोबर बदलतें, हें आम्हांस मान्य आहे. १९२५ सालच्या ३ फेब्रुवारीस येथून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी सुटली, आणि लांबच्या प्रवासाचें हें नाकें हळूहळू चाकरमान्यांचें रोजचें दार बनलें. आज येथील अठरा फलाटांपैकीं सात उपनगरी गाड्यांचे आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरांत भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धांवूं लागली, व तिचें एक स्टेशन येथेंच जमिनीखालीं आलें. बाहेर बस व टॅक्सी आहेतच. म्हणजे आतां हें एका वाहनांतून उतरून दुसऱ्या वाहनांत चढण्याचें मोठें केंद्र झालें आहे. अशा ठिकाणाची परीक्षा एकाच गोष्टीवरून करावी: हातांत पिशवी व कडेवर मूल असलेली बाई न भिजतां, न चुकतां व न चेंगरतां पुढच्या वाहनापर्यंत पोंचते कीं नाहीं.

या कसोटीवर पहिला पक्ष उतरत नाहीं. २०१७-१८ च्या सुमारास या इमारतींतील रेल्वेच्या कचेऱ्या हलवून तेथें संग्रहालय करावें, अशी कल्पना सरकारी पातळीवरून पुढें आली होती; रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनीं तिला विरोध केला, आणि तो योग्यच होता. वापरांतील घर गळूं लागलें तर तें पाणी कोणाच्या तरी डोक्यावर पडतें, म्हणून घर दुरुस्त होतें. नुसत्या पाहण्याच्या वस्तूस तो लाभ नाहीं.

शिवाय दर्शनी भागाकडेच डोळे लागले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण फार जुनें नाहीं. २०१९ च्या मार्चच्या १४ तारखेस संध्याकाळीं या स्टेशनाशीं जोडलेला पादचारी पूल कोसळला आणि कांहीं माणसें मेलीं; त्यांत रात्रपाळीस निघालेल्या परिचारिका होत्या. पूर्वीच्या तपासणींत तो पूल धोकादायक ठरला नव्हता. वारशाच्या यादींत त्याची गणना नव्हती; पण उतारूच्या लेखीं तो स्टेशनाचाच भाग होता. घुमटावरील प्रगतीच्या पुतळ्यास त्या संध्याकाळीं कांहींच इजा झाली नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. २०२२ च्या सप्टेंबरांत केंद्रीय मंत्रिमंडळानें नवी दिल्ली, अहमदाबाद व मुंबईचें हें स्टेशन यांच्या पुनर्विकासासाठीं सुमारें १०,००० कोटि रुपयांस मंजुरी दिली. रेल्वे, मेट्रो व बस यांची सांगड घालण्याचें वचन त्या योजनेंत आहे, तें स्वागतार्ह आहे. परंतु विस्तीर्ण छत-चौक बांधून त्यावर दुकानें, उपाहारगृहें व करमणुकीच्या जागा करण्याचा बेतही तिच्यांतच आहे. त्याचे पुरस्कर्ते विचारतात, पैसा आणावयाचा कोठून? हा प्रश्न खोटा नाहीं. दुकानाच्या भाड्यांतून झाडलोटीचा खर्च निघत असेल तर दुकान असावें. पण दुकानदाराला माणूस रेंगाळलेला हवा असतो, आणि उतारूला तर लौकर निघावयाचें असतें. या दोन गरजांचा झगडा जुंपला म्हणजे आराखडा काढणारा भाडें देणाऱ्याचें ऐकतो. मग सरळ वाट वळसा घेऊन दुकानांपुढून जाते, आणि फुकट बसण्याचा बाक जाऊन विकत बसण्याची खुर्ची येते.

ही आमची कल्पना नव्हे. न्यूयॉर्क शहरानें या दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. तेथील पेन्सिल्व्हेनिया स्टेशनाची १९१० सालीं उघडलेली भव्य वास्तु १९६३ पासून पाडण्यांत आली. त्या जागीं क्रीडागृह उभें राहिलें आणि उतारूंच्या वांट्यास त्याखालचें ठेंगणें तळघर आलें. पुढें चूक उमगली. समोरच्या जुन्या टपालकचेरींत काचेच्या छताचें सुंदर दालन तयार करून २०२१ च्या आरंभीं तें खुलें करण्यांत आलें. पण त्या मुख्य दालनांत बाकच ठेवले नव्हते. बसावयाची सोय तिकीट दाखवून शिरण्याच्या निराळ्या जागेंत होती. तेव्हां लोक जमिनीवर बसले. पहिल्या वेळीं उत्पन्नानें उतारूस तळघरांत ढकललें; दुसऱ्या वेळीं सौंदर्यानें त्याला उभें ठेवलें.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. दुकानांचे गाळे आंखण्यापूर्वीं लोकल, मेट्रो व बस यांमधील सरळ, रुंद व छताखालची वाट आंखावी, आणि तिच्यांत एकही गाळा येऊं देऊं नये. बाक, पिण्याचें पाणी व स्वच्छ शौचालयें सर्वांस फुकट व हाताशीं असावींत. पुलांच्या तपासणीचे अहवाल स्टेशनावर मराठींत लावावेत, म्हणजे ज्याच्या पायाखालीं पूल आहे त्याला ते वाचतां येतील. आणि स्टार चेंबर तिकीटघरच राहावें. एवढें ज्या आराखड्यांत नाहीं, त्याला कितीही कोटि रुपये लागोत, आम्ही पुनर्विकास म्हणणार नाहीं.