बांगड्या काढा, ताई!

आधी एक कबुली देऊन टाकते. याच पानावर मी कधीतरी ‘स्लीव्हलेस घालायचंय? दंड बारीक करा!’ असा एक लेख लिहिला होता. पाच व्यायाम, दोन डाएट टिप्स आणि एका मॉडेलचा काडीसारख्या हातांचा फोटो. माझ्या आजवरच्या करिअरमध्ये सगळ्यात जास्त ई-मेल्स त्याच लेखाला आले. बाईचे दंड फक्त बारीक करण्यासाठीच असतात, असा माझाही तेव्हा ठाम समज होता. यंदा नवरात्रात घरी गेले आणि तो समज एका किराणा दुकानाच्या लाकडी टेबलावर आडवा झाला.

घर म्हणजे यवतमाळ. पुण्या-मुंबईच्या मंडळींना यवतमाळ म्हटलं की कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या, एवढंच आठवतं. पण आमच्याकडचं दुर्गोत्सवातलं नवरात्र एकदा बघाच. कोलकात्यानंतर आमचाच नंबर, असं प्रत्येक यवतमाळकर छातीठोकपणे सांगतो आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. रात्रभर रस्ते गजबजलेले, देखावे, रोषणाई, चौकाचौकात महाप्रसाद. आणि संध्याकाळी मंडळामंडळांत ‘खास महिलांसाठी’ कार्यक्रम! म्हणजे रांगोळी, उखाणे, संगीत खुर्ची. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या एका उत्साही पोराने यंदा त्यात एक आयटम वाढवला : पंजा लढवणे. पहिलं बक्षीस मिक्सर, दुसरं कुकर.

वहिनीने नाव दिलं ते निव्वळ मिक्सरसाठी. आमच्या घरचा मिक्सर दोन महिन्यांपासून फक्त आवाज करतो, वाटत काहीच नाही.

वहिनीबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर कळंब तालुक्यातलं. घरी दोन म्हशी. दहावीपर्यंत रोज सकाळी दूध काढून मग शाळेत. पंजातले जाणकार काय सांगतात, ठाऊक आहे? पंजा दंडाने जिंकता येतो हा गैरसमज आहे. खरा खेळ बोटांचा, मनगटाचा आणि कोपराखालच्या हाताचा. आता मला सांगा, वर्षानुवर्षं दोन म्हशींचं दूध काढणाऱ्या मुलीला जिममधलं कुठलं मशीन आणखी काय देणार? आम्ही मात्र सहा वर्षं त्या हातांच्या भाकरीचं कौतुक करत बसलो.

तर स्पर्धा सुरू झाली. टेबलावर कोपरांसाठी बारदान्याच्या घड्या. माइकवर एक विनोदवीर. ‘आज दादांना घरी जपून राहावं लागेल बरं का!’ हा विनोद त्याने निदान दहा वेळा केला असेल आणि दहाही वेळा लोक हसले. (दोन पुरुष पंजा लढवतात तेव्हा ‘आज वहिनींना जपून राहावं लागेल’ असं कुणी म्हणतं का? असो.) वहिनीने पहिल्या बाईचा हात असा अलगद खाली ठेवला, जणू पोळपाटावर पोळी टाकतेय. दुसरीचाही तसाच. तिसरी आमच्या शेजारच्या काकू. त्या हात धरल्यावरच म्हणाल्या, ‘राहू दे बाई, उद्या मले भांडे घासायचे आहे.’

फायनलला समोर आली एक एकवीस-बावीस वर्षांची पोरगी. पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे मैदानावर पळणारी आणि गोळाफेक करणारी. गर्दी सरसावून बसली. पंच होते एका शाळेतले पीटीचे सर. त्यांनी फायनल एकदम सीरियसली घेतली. दोघींच्या हातांकडे बघितलं आणि वहिनीला म्हणाले, ‘बांगड्या काढा, ताई.’

सरांचं काही चुकलं नव्हतं. पंजाच्या स्पर्धेत हातात दागिना चालत नाही. अंगठी नाही, घड्याळ नाही, कडं नाही. काचेच्या बांगड्या तर विचारायलाच नको, पिचल्या तर समोरच्याच्या मनगटात घुसतील. पण आपल्याकडे सवाष्णीने भर नवरात्रात, भर चौकात, हात रिकामा करायचा? जिथे बांगडी फुटली असंही म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात? माइकवाल्याचा विनोद घशातच अडकला. वहिनी हात टेबलावर तसाच ठेवून उभी. तिने एकदा दादाकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये. मग तिने आईकडे बघितलं.

माझी आई म्हणजे चतुर्थीला बाहेरचा चहाही न पिणारी बाई. आता ती वहिनीला घरी चल म्हणणार, हे मी मनात नक्कीच करून टाकलं होतं. आई खुर्चीतून उठली, टेबलाजवळ गेली आणि पदर पसरला. ‘आन इकडे. डाव्या हातात आहेत नं? मंग झालं.’

सहा हिरव्या बांगड्या साबण न लावता निघायला वेळ लागला. तेवढा वेळ मंडपात कुणी बोललं नाही. मला तर त्या क्षणाचा फोटो काढायचंही सुचलं नाही, आणि म्हणे मी जर्नालिस्ट!

‘रेडी, गो’ झालं. वहिनीने पहिल्याच झटक्यात पोरीचा हात अर्ध्यावर आणला. आम्ही ओरडायला लागलो आणि तेवढ्यात सरांची शिट्टी. कोपर उचललं, फाऊल. पुन्हा पकड, पुन्हा तेच. वहिनी जोर लावायची की तिचं कोपर घडीवरून सुटायचं. दुसरा फाऊल, खेळ खलास. मिक्सर त्या पोरीला, कुकर आम्हाला. आईने बांगड्या परत दिल्या तेव्हा वहिनीने त्या तिथेच चढवल्या आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

रात्री गच्चीवर मला म्हणाली, ‘ताई, कोपर उचललं का हारते, हे मले आधी कोनी सांगतलं का?’

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघी मोबाइल घेऊन बसलो, ते थेट दोन वाजेपर्यंत. मिक्सर राहिला बाजूलाच.

पंजाचे नियम किती कडक असतात त्याचा एक मस्त किस्सा. अमेरिकेतल्या पेटालुमा गावात मनगटी पंजाची मोठी स्पर्धा व्हायची. 1968 मध्ये चार्ल्स शुल्झने आपल्या कॉमिक स्ट्रिपमधल्या स्नूपीला तिथे पाठवलं. स्नूपी बाद! का, तर कुत्र्याला अंगठा नसतो आणि अंगठ्याशिवाय पकड नाही. पकडीवरच सगळं अवलंबून. अंगठ्याचं पेर दिसलं पाहिजे, रिकाम्या हाताने टेबलावरचा खुंटा धरायचा, कोपर गादीवरून हलता कामा नये. समोरच्याची बोटं उघडून मनगट मागे मोडायचं तो ‘टॉप रोल’, आणि मनगट आत वळवून त्याला आपल्याकडे ओढायचं तो ‘हुक’. वहिनी न शिकता हुक मारत होती. आणि हो, घरी ट्राय करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा : नजर आणि खांदा कायम आपल्या हाताच्या दिशेने. खांदा उलटीकडे वळवून जोर लावला तर दंडाचं हाड पिळवटून मोडतं. एक्स-रे पाहिलेत मी, पुढचे दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्या रात्री वहिनीची ओळख झाली हायडी अँडरसनशी. स्वीडनची हायडी, अकरा वेळा जगज्जेती. उत्तरेला स्टोरुमन भागातल्या एन्सामहेटेन नावाच्या चिमुकल्या गावची. या नावाचा अर्थच एकांत! तिच्यावर 2004 मध्ये एक डॉक्युमेंटरीही निघाली. आता गावात माणसंच मूठभर, तर पंजाचा सराव कुणाबरोबर? उत्तर सोपं होतं. घरातली मंडळीच पंजा लढवणारी. समोरचा हात घरातच मिळाला. मग सारा बेकमन, तीही स्वीडनची, आठ वेळा जगज्जेती. टीव्हीवरच्या ग्लॅडिएटर शोमुळे तिकडे घराघरात पोचलेली. 2013 मध्ये तर डब्ल्यूडब्ल्यूईने तिला करारबद्ध केलं होतं. तिचे दंड बघून मला माझा तो लेख आठवला आणि मी मोबाइल वहिनीच्या हातात दिला.

आपल्याकडच्याही आहेत. आसामची चेतना शर्मा, राष्ट्रीय विजेतेपद एकदा नाही, अनेकदा मिळवलेली. अरुणाचल प्रदेशची ईबी लोल्लेन. ‘मोहब्बतें’वाली प्रीती झांगियानी आठवते? तिने आणि तिचा नवरा परवीन डबास याने प्रो पंजा लीग काढली. 2023 मध्ये दिल्लीत पहिला सीझन झाला. सहा टीम्स, त्यातली एक मुंबई मसल. टीव्हीवर लाइव्ह. मुलींच्या लढतीही त्याच टेबलावर, त्याच दिव्यांखाली. वजनगट मात्र पुरुषांपेक्षा कमी. कुस्तीत तरी आपण कुठे वेगळं केलं? पुरुषांचा महाराष्ट्र केसरी 1961 पासून. महिलांचा पहिला व्हायला 2023 उजाडलं. सांगलीत प्रतीक्षा बागडीने तो जिंकला.

वहिनी सगळं बघत होती, पण तिचा प्रश्न भलताच होता. ‘या सराव कोनासंग करते?’

हा प्रश्न मला पत्रकार असून सुचला नव्हता. धावायला रस्ता पुरतो, वजन उचलायला वजन. पंजाला दुसरा जिवंत हात लागतो, आणि तो आपल्यापेक्षा जरा भारी असेल तर उत्तम. पुरुषांचं काय, आमच्याकडे प्रत्येक पानठेल्यावर संध्याकाळी कुणी ना कुणी कोपर टेकवून उभा असतोच. खर्रा तोंडात, हात हातात. हरला तर चहा पाजतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. बायकांचा पानठेला कुठे आहे? बाईच्या हातात हात द्यायचा तो आपल्याकडे लग्नातच, अंतरपाट दूर झाल्यावर. जिममध्ये जाऊन वहिनी कुणा परक्या पुरुषाला म्हणेल का, या भाऊ, जरा माझा हात धरा? आणि म्हणाली तर दुसऱ्या दिवशी गल्लीत काय होईल? ताकद वहिनीकडे होती, मनगट होतं, हुकसुद्धा होता. समोरचा हात तेवढा नव्हता. कोपर उचलू नये हे तिला पहिल्यांदा फायनलमध्ये कळलं ते त्यामुळेच. पानठेल्यावरच्या कुठल्याही पोराला ते पंधराव्या वर्षी कळलेलं असतं.

‘हातात बांगड्या भरल्यात का?’ हे आपण पुरुषाला हिणवायला म्हणतो. मी स्वतः ऑफिसात, मीटिंगमध्ये, हसत हसत म्हटलेलं आहे. त्या सहा बांगड्या आईच्या पदरात पडताना ज्याने पाहिल्या त्याने हे वाक्य पुन्हा कसं म्हणायचं, मला प्रश्नच आहे.

दसऱ्यानंतर मी परत आले. डेडलाइन्स, ट्रॅफिक, नेहमीचं. विसरलेही असते. पण मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन. सुरुवातीला इकडचं तिकडचं, मग हळूच : ‘ताई, ते कोपराखाली गादीसारखं असते नं, ते तुमच्याकडे मिळते का?’

मी विचारलं, कशाला? तर ती भरतीवाली पोरगी दर रविवारी दुपारी आमच्या घरी येते. वहिनीनेच तिला मैदानावर जाऊन गाठलं. शिलाई मशीनच्या टेबलावर दोघी तासभर बसतात. वहिनी तिला हुक शिकवते, ती वहिनीला कोपर खाली ठेवायला शिकवते. पहिल्या रविवारी मशीनच हललं, म्हणून आता आई एका बाजूने टेबल धरून बसते. उजव्या हातातल्या बांगड्या त्या तासापुरत्या देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी. ही जागाही आईनेच ठरवली. पोरीला भरतीसाठी बाहेरगावी जावं लागलं तर पुढे काय, याची दोघींना आतापासूनच चिंता.

‘मग दादाला बसव की समोर,’ मी म्हटलं.

वहिनी हसली आणि तिने फोन त्याच्याकडेच दिला. दादा म्हणाला, ‘मी नाही बसत बाप्पा. हारलो तं पानठेल्यावर काय सांगू?’