दशावतार आणि उत्क्रांती: एका लोकप्रिय साम्याची तपासणी

उत्क्रांतीचे तत्त्व डार्विनच्या कितीतरी आधी आमच्या पूर्वजांनी दशावतारांत सांगून ठेवले होते, असे प्रतिपादन करणारी विद्वान मंडळी आपल्याकडे थोडी नाहीत. आणि मत्स्य जलचर, कूर्म उभयचर, वराह भूचर, नृसिंह अर्धपशू, वामन अपूर्ण मानव, अशी जी मालिका ते मांडतात ती प्रथमदर्शनी इतकी बिनतोड भासते की श्रोत्यास मान डोलावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. परंतु डार्विनचा ग्रंथ १८५९ सालचा आणि हे साम्य छापून प्रसिद्ध करणाऱ्या मॅडम ब्लाव्हट्स्की यांचा ग्रंथ १८७७ सालचा. अर्थात् शोध आधी लागला व त्याची सनद मागाहून पुराणांच्या दफ्तरात घुसडण्यात आली, असेच म्हणणे प्राप्त आहे. खुद्द पुराणांची साक्षही या पक्षास अनुकूल नाही. भागवताच्या प्रथम स्कंधात जे बावीस अवतार मोजले आहेत, त्यांत वराह दुसरा, मत्स्य दहावा आणि कूर्म अकरावा आहे.

आता प्राणिशास्त्राचा दाखला पाहू. कासव उभयचर नव्हेच; उभयचर बेडूक. कासव सरपटणाऱ्यांच्या वर्गातले, समुद्रात जन्म काढणारी मादीदेखील अंडी घालण्यास वाळूवरच येते. ज्ञात असलेली सर्वांत जुनी कासवे सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीची, आणि सस्तन प्राण्यांची शाखा सरपटणाऱ्यांच्या शाखेपासून अलग झाली ती ३० कोटी वर्षांहून अगोदर. तेव्हा कासवापासून वराह निपजला, हे म्हणणे पुतण्यापासून चुलता निपजल्यासारखे आहे. वराहाची गत याहून वाईट. डुकरांच्या कुळाचे जीवाश्म सुमारे ४ कोटी वर्षांपलीकडे जात नाहीत, उलट ज्या गणात माकडे व माणसे मोडतात त्याचे जीवाश्म ५.५ कोटी वर्षांइतके जुने आहेत. नृसिंहाविषयी न बोललेलेच बरे.

मात्र या मताचा खरा दोष तपशिलात नसून, जीवसृष्टीचा इतिहास म्हणजे मनुष्याच्या सिंहासनाकडे नेणारा एकच जिना, या गृहीतकात आहे. आणि हे गृहीतक पुराणाभिमान्यांप्रमाणेच स्वतःस आधुनिक म्हणविणाऱ्यांच्याही डोक्यात घट्ट बसलेले आढळते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा येथील खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेले थर सुमारे ३.५ अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत. तेथून पहिला मासा अवतरेपर्यंत या इतिहासाचा सुमारे सहा सप्तमांश काळ लोटला होता. आणि त्या काळात, सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी, ज्या नीलहरित जीवाणूंनी हवेत प्राणवायू साठविण्यास प्रारंभ केला, त्यांना कोणत्याही अवतारमालिकेत स्थान नाही.

आमचा पक्ष असा की हा इतिहास फांद्यांचा आहे, आणि त्या फांद्या वारंवार अशा आपत्तींनी छाटल्या गेल्या आहेत की ज्यांचा गुणावगुणांशी फारसा संबंध नव्हता. २५.२ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियातील ज्वालामुखींच्या प्रचंड उद्रेकांच्या सुमारास समुद्रातील बहुसंख्य जाती नामशेष झाल्या. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. त्याच सुमारास आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याच्या रूपाने वाहत होता. त्या वेळी डायनोसॉरांचा जो संहार झाला त्यात अशनीचा वाटा किती व लाव्ह्याचा किती, याचा निवाडा अद्याप चालूच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावास सापडलेला इसिसॉरस हा अवाढव्य शाकाहारी डायनोसॉर त्याच युगाच्या अखेरीचा. त्याचे कूळ नालायक ठरून हटले, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे की डायनोसॉरांच्याच सुमारास उदयास आलेले सस्तन प्राणी, इतके लायक असूनही, पुढील सुमारे १५ कोटी वर्षे बहुतांशी चिचुंदरीएवढेच का राहिले?

यावर कोणी म्हणेल, गुंतागुंत तर वाढलीच ना? काही फांद्यांवर वाढली, हे मान्य. पण पट्टकृमीने पचनमार्गच टाकून दिला, गुहेतील माशांनी डोळे गमावले, आणि तरीही दोघांचे उत्तम चालले आहे. शिवाय डायनोसॉर निःशेष झाले हेही खरे नव्हे, कारण पक्षी त्यांचीच एक शाखा होय. आणि आज पक्ष्यांच्या जाती दहा हजारांहून अधिक, तर सस्तन प्राण्यांच्या, आपण धरून, सुमारे साडेसहा हजार आहेत.