जुनी दुचाकी आणि इथेनॉलवरचे खापर

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये, म्हणजे मूळ मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका फेटाळली. धोरणाचा वाद न्यायालयापुरता तिथे थांबला. गॅरेजमधला प्रश्न मात्र तसाच आहे. दहा-पंधरा वर्षांची दुचाकी सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही, चढावर गचके देते, ॲव्हरेज घसरले आहे. यात दोष नव्या पेट्रोलचा किती आणि गाडीच्या वयाचा किती?

या प्रश्नावर सध्या दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. कोणी प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडतो, तर कोणी इथेनॉलने काहीच होत नाही असे ठासून सांगतो. दोन्ही उत्तरे गाडीवाल्याला महाग पडतात. पहिल्यामुळे सहज दुरुस्त होणारा दोष तसाच राहतो. दुसऱ्यामुळे वेळीच बदलायला हवेत ते रबरी भाग बदलले जात नाहीत.

आधी हिशेब. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये ऊर्जा सहा ते सात टक्क्यांनी कमी असते. १० टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने २०२२ मध्ये गाठला होता. त्या पेट्रोलच्या तुलनेत ही घट तीन-चार टक्के भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट धरलेली होती. म्हणजे लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी ४८ च्या आसपास यावी. ती ३८ वर आली असेल, तर उरलेले दहा किलोमीटर इथेनॉलच्या कमी ऊर्जेने गेलेले नाहीत. चिकटून फिरणारा ब्रेक, कमी हवेचा टायर, घसरणारा क्लच, धुळीने भरलेला एअर फिल्टर किंवा कुठेतरी गळणारे पेट्रोल, यांपैकी काहीतरी शोधावे लागेल. त्यासाठी टाकी दोनदा काठोकाठ भरून मधले अंतर मोजावे. मीटरच्या काट्यावरून काढलेले ॲव्हरेज फसवते.

दुसरा बदल हवेच्या प्रमाणाचा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते, तर ई-२० ला साधारण साडेतेरा. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या धुरातला प्राणवायू मोजून पेट्रोल कमी-जास्त करतात. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू होण्यापूर्वीच्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरवर चालतात. कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र ठरलेल्या मापाचे असते आणि त्याला पेट्रोल बदलल्याचे कळत नाही. त्यामुळे मिश्रणात हवा थोडी जास्त होते. धडधाकट कार्बोरेटर एवढा फरक सहज पचवतो. ज्याचा जेट आधीच अर्धा तुंबला आहे किंवा ज्याच्या मॅनिफोल्डच्या रबराला चीर गेली आहे, तो मात्र सहनशक्तीच्या पलीकडे जातो. इथेनॉलने अनेकदा असा जुनाच दोष उघड्यावर येतो.

म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. इंजिन चोकवर चालते आणि चोक बंद करताच मरते, तर संशय पायलट जेटवर किंवा मॅनिफोल्डमधून आत शिरणाऱ्या हवेवर घ्यावा. गाडी काही किलोमीटर धावून बंद पडते आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते, तर बंद पडताच टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी चालू लागली, तर झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजलेले आहे आणि दुरुस्ती जवळपास फुकटात होते. वेग धरताना दम तुटत असेल, तर थंड इंजिनावर, मोकळ्या जागेत, कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून पेट्रोल बाटलीत सोडून पाहावे. साध्या कॉकच्या गाडीत सलग धार यायला हवी. थेंब थेंब आले, तर जाळी, फिल्टर किंवा पेट्रोल कॉक तुंबला आहे. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल आणि प्लग काळा पडत असेल, तर फ्लोटची नीडल नीट बसत नाही. शेवटी कार्बोरेटरच्या तळवाटीचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. तळाशी गंजाचे कण आहेत की पाण्याचा थर, हे डोळ्यांनाच दिसते.

पेट्रोलच्या रसायनाशी थेट संबंध असलेले दोष तीन. पहिला रबराचा. जुन्या नळ्या, ओ-रिंग आणि पडदे इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ पडतात किंवा कालांतराने तडकतात. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावी लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात मान्य केले. दुसरा दोष मळाचा. इथेनॉल चांगले द्रावक आहे. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर आणि त्यात अडकलेला गंज ते सैल करते आणि तो ऐवज थेट जेटपर्यंत पोहोचतो. अशा वेळी नुसता कार्बोरेटर साफ केला, तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच होते. टाकी, जाळी आणि फिल्टर एकाच वेळी साफ करावे लागतात. जेट तारेने कोरू नये. पितळ मऊ असते आणि पायलट जेटचे छिद्र सहसा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. एकदा ते मोठे झाले की ॲव्हरेज कायमचे जाते. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो.

तिसरा दोष पाण्याचा. इथेनॉल थोडे पाणी स्वतःत विरघळवून घेते आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाते. पाणी त्या मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. कॉक नेमका तिथूनच इंधन ओढतो. पावसात झाकणाच्या सडलेल्या रबरातून झिरपणारे पाणी हे याचे मोठे कारण आहे. दुचाकी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून तळवाटी रिकामी करणे हा साधा उपाय आहे.

काही गॅरेजांत सर्व तक्रारींवर एकच इलाज होतो, तो म्हणजे मोठा जेट बसवून मिश्रणात पेट्रोल वाढवणे. गाडी त्याने गुळगुळीत चालते, पण हवेच्या दृष्टीने तो उलटा सौदा आहे. ई-२० मुळे दुचाकींच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने घटल्याची नोंद नीती आयोगाच्या आराखड्यात आहे. गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडले की हा फायदा हातचा जातो. त्यामुळे जेटचे माप बदलणे हा बाकी सर्व तपासल्यानंतरचा शेवटचा उपाय ठरतो.

आरोग्याची दुसरी बाजू दुरुस्ती करणाऱ्याची आहे. नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढण्याची सवय अजून गेलेली नाही. ओढताना ठसका लागून थोडेसे पेट्रोल श्वासनलिकेत गेले, तरी फुप्फुसांना गंभीर सूज येऊ शकते. अशा माणसाला उलटी करायला लावू नये, थेट रुग्णालयात न्यावे. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि ते कर्करोगकारक आहे. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असावे लागते, पण दिवसभर उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये सुटे भाग धुणाऱ्या पोराच्या बाबतीत ही मर्यादा पुरेशी नाही. गरम इंजिनावर टपकणाऱ्या नळीचा धोका तर ॲव्हरेजपुरता उरतच नाही, तो आगीचा असतो.

इथेनॉलने परकीय चलन वाचते, धूर काही अंशी घटतो आणि उसाला व मक्याला जास्तीचे गिऱ्हाईक मिळते. महाराष्ट्रात ज्या घरात कारखान्याचे ऊसबिल जमा होते, त्याच घराच्या अंगणात अनेकदा पंधरा वर्षांची शंभर सीसीची गाडी उभी असते. एका खिशात आलेले दुसऱ्या खिशातून किती जाते, हे त्या घराला कळायला हवे. २०२१ च्या आराखड्यात ई-२० साठी योग्य सुटे भाग असलेली वाहने एप्रिल २०२३ पासून आणि ई-२० साठीच जुळवलेली इंजिने एप्रिल २०२५ पासून अपेक्षित होती. त्याआधी विकलेल्या गाड्यांचा खर्च मालकाकडेच राहिला. मंत्रालय म्हणते तसा तो किरकोळ असेलही. मग प्रत्येक जुन्या मॉडेलसाठी कोणती नळी, कोणता ओ-रिंग आणि कोणता पडदा बदलायचा, त्यांची किंमत किती, याची मराठीतली एक पानाची यादी कंपन्यांनी पंपावर आणि गॅरेजात लावायला हरकत नसावी. ती यादी हाती असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्री काय बदलतो आहे आणि का, हे गाडीवाल्याला विचारता येईल.