गावची भट्टी कोणी मोडली ?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, दारूने गरीब बुडाला हे खरे, व तिची तरफदारी आम्ही करीत नाही. पण ठाणे-कुलाब्याकडची गावभट्टी इंग्रज सरकारने मोडली ती दारू बंद व्हावी म्हणून काय ? मुळीच नाही ! रानातली मोहाची फुले बायकापोरांनी वेचावी, अडचणीत ती खाऊन दिवस काढावे, उरलेली मडक्यात आंबवून गाळावी. भंडाऱ्याने माड छेदून माडी काढावी, ही जुनी रीत. सन १८७८ च्या अबकारी कायद्याने हे सारे सरकारच्या मुठीत गेले. झाडावरचा कर वाढला, आणि गाळण्याचा मक्ता पैसेवाल्यास मिळाला. तेवढ्याने पोट भरेना, म्हणून सन १८९२ त मोहाच्या फुलांवरच कायदा आला ! परवान्यावाचून फुले घरात सापडली, की गरीब गुन्हेगार; आणि उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून तीच मोहाची दारू मुंबईस गेली, की ते सरकारी उत्पन्न ! पिणारा पीतच राहिला. गावचा पैसा मात्र गावाबाहेर गेला. गरिबाची चूल विझवून मक्तेदाराची भट्टी पेटविणे, यास नीती म्हणत नाहीत, धंदा म्हणतात. म्हणून बंधूंनो, दारूबंदीचा उपदेश कोणी करू लागला, तर आधी विचारा : महाराज, कर कोणाच्या तिजोरीत पडतो ?