थकबाकीदार बाप

आज जूनचा तिसरा रविवार, म्हणजे फादर्स डे. सकाळपासून स्टेटसला वडिलांचे जुने फोटो झळकत असतील. दुकानांनी शर्ट, घड्याळे आणि चामडी पाकिटांवर सवलत लावली असेल. बापाला पाकीटच का द्यायचे, हे विचारायला कुणी थांबत नाही, कारण कमावतो तो बाप हा हिशेब आपल्या हाडीमाशी रुजला आहे. ज्याची नोकरी गेली, ज्याला दारू लागली, जो तुरुंगातून सुटून आला, ज्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, त्या बापाची आठवण आज कुणी काढणार नाही. त्याचे नाव निघते ते थेट कोर्टाच्या वॉरंटात.

हा दिवस सुरू झाला तो मात्र वेगळ्याच कारणाने. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात सोनोरा स्मार्ट डॉड यांनी 19 जून 1910 रोजी तो पहिल्यांदा साजरा करवला. आई बाळंतपणात गेल्यावर आपल्याला आणि भावंडांना वडिलांनी वाढवले, याचे त्यांना कौतुक होते. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर कायद्याची मोहोर उठवली. त्यानंतर दीड दशकाच्या आतच त्याच देशाने बापाला डॉलरमध्ये मोजण्याची जी यंत्रणा पक्की केली, तिची गोष्ट आपण ऐकण्यासारखी आहे.

2011 च्या फादर्स डेच्या दुसऱ्याच दिवशी, 20 जूनला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘टर्नर विरुद्ध रॉजर्स’ खटल्याचा निकाल दिला. प्रकरण साउथ कॅरोलायनातले. टर्नर नावाच्या बापाने मुलासाठी आठवड्याला 51 डॉलर 73 सेंट द्यायचे होते. 2008 च्या जानेवारीत तो न्यायाधीशांपुढे उभा राहिला तेव्हा थकबाकी 5,728 डॉलरवर गेली होती. वकील कुणाच्याच बाजूने नव्हता. आपण नशेच्या आहारी गेलो होतो, काम लागले तर पाठ मोडली, असे त्याने सांगितले. न्यायाधीशांनी बारा महिन्यांची कैद सुनावली. आदेशाच्या छापील फॉर्मवर या माणसाची पैसे भरण्याची ऐपत आहे की नाही हे नोंदवायची जागा होती. ती कोरीच राहिली. अशा बापाला वकील द्यायलाच हवा असे नाही, पण त्याची ऐपत तपासण्याची काही तरी खात्रीची पद्धत हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. तोवर त्याची वर्षभराची कैद केव्हाच भोगून झाली होती, आणि कैदेत असतानाही दर आठवड्याचा आकडा चढतच होता.

तो चढणारच होता. 1986 च्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे एकदा थकलेली रक्कम मागे जाऊन कमी करण्याची मुभा न्यायाधीशांनाही उरली नाही. वर, आई सरकारी मदतीवर असेल तर बापाकडून वसूल झालेले पैसे बहुतेक सरकारच आपल्या खर्चापोटी ठेवून घेते. म्हणजे बाप भरतो, पोराच्या हातात काही पडत नाही आणि आईला वाटते, मेल्याने दमडी दिली नाही. देशभरातली अशी थकबाकी 110 अब्ज डॉलरच्या वर गेली. नऊ राज्यांच्या एका पाहणीत दिसले की तिथल्या थकबाकीतली 70 टक्के रक्कम वर्षाला दहा हजार डॉलरही उत्पन्न न दाखवणाऱ्यांच्या नावावर होती. जे नाहीच ते वसूल कसे करणार? कागदोपत्री नोकरी धरली की पगारातून कापणार, म्हणून हे बाप रोखीच्या कामांत गेले आणि मुलांपासून तोंड लपवू लागले. कैदेत असणे म्हणजे जाणूनबुजून बेकार राहणे असे धरू नये, हा साधा नियम व्हायला 2016 चा डिसेंबर उजाडावा लागला.

या सगळ्यात बाल्टिमोरच्या ज्यो जोन्स यांचे काम डोळ्यांत भरते. जोन्स नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील घर सोडून गेले आणि तेराव्या वर्षी त्यांना हेरॉइन लागले. त्यातून बाहेर पडल्यावर ते शहराच्या आरोग्य खात्यात व्यसनी गरोदर स्त्रियांसाठी काम करू लागले. बाईच्या नावाची फाइल, बाळाच्या नावाचे कार्ड, पण या दोघांमध्ये वावरणाऱ्या पुरुषासाठी खात्यात एक ओळ नाही, हे त्यांना खटकले. 1999 मध्ये त्यांनी जी संस्था उभी केली तीच आजचे सेंटर फॉर अर्बन फॅमिलीज. तिथे नोकरीची तयारी म्हणजे नुसता बायोडाटा नाही. वेळेवर यायचे, मुलाखतीला जाताना घालायचे तसे कपडे घालून बसायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचे. आणि त्याच छताखाली बाप होण्याचे धडे: मुलाशी काय बोलायचे, त्याच्या आईशी भांडण न करता भेटीची वेळ कशी ठरवायची, राग आला की काय करायचे. नोकरी एका कचेरीत आणि बापपण दुसऱ्या कचेरीत, असे तिथे केलेले नाही.

अशा उपक्रमांनी चमत्कार झाला का? नाही. 2005 च्या कायद्यापासून अमेरिकेचे केंद्र सरकार अशा उपक्रमांना दरवर्षी पैसे देते आणि ते वाया जातात की काय हे तपासूनही बघते. चार ठिकाणच्या साडेपाच हजारांच्या आसपास बापांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, निम्म्यांना कार्यक्रमात घेतले, निम्म्यांना नाही. कार्यक्रमातले बाप मुलांशी अधिक मायेने वागू लागले, त्यांच्या वयाला शोभेल असे खेळ-अभ्यास त्यांच्यासोबत करू लागले आणि नोकरीत सलग थोडे जास्त टिकले. कमाईत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुलांच्या प्रत्यक्ष भेटी वाढल्या नाहीत, खर्चाला दिलेले पैसेही वाढले नाहीत. टीकाकार इथेच थांबतात. आम्हाला वाटते, खरी गोष्ट इथून पुढे आहे. माणूस खिसा भरायच्या आधीच बाप होऊ शकतो, हे त्या आकड्यांतून दिसते. आपण मात्र त्याला बजावतो, आधी कमाव, मग पोराकडे ये.

आपल्याकडे खावटीचा कायदा याच वाटेने जातो. खावटी थकली की प्रत्येक महिन्याच्या थकबाकीमागे एक महिन्यापर्यंतची कैद. जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलून कलम 125 चे 144 झाले, कैद होती तशीच राहिली. कैद भोगली म्हणून रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितले आहे. धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करावी पण बायकोमुलांना पोसावे, हे 2022 मध्ये सांगितले. तत्त्व म्हणून याला कोण नाही म्हणेल? मुलांना घेऊन भावाच्या दारात राहणाऱ्या बाईला बापाच्या मानसिकतेवरचे व्याख्यान नको असते, शाळेची फी हवी असते. पण नाक्यावर उभा राहणारा गवंडी तारखेला कोर्टात आला की त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि तारीख तर महिन्या-दोन महिन्यांनी पडतच राहते. 2020 पासून दोन्ही बाजूंकडून उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र घ्यायचे बंधन आले, हे बरे झाले. मात्र प्रतिज्ञापत्रात शून्य निघाले तर पुढे काय, याचे उत्तर कुणाकडेच नाही.

तुकड्यातुकड्यांनी मदत मात्र पुष्कळ आहे. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून दारूतून माणसे बाहेर काढते आहे आणि त्यांच्या घरच्यांनाही सोबत घेते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ 1990 पासून कैद्यांना सुटकेनंतर उभे राहायला मदत करतो. कारागृह विभागाच्या ‘गळाभेट’ उपक्रमात कैदी बापाला जाळीआडून बोलण्याऐवजी मुलाला मांडीवर घेता येते. वर्षातली ती काही मिनिटे. सुटून आल्यावर तोच बाप गावात तोंड दाखवत नाही, कारण हात रिकामे असतात.

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असते. एकाचे कागद दुसऱ्याकडे जात नाहीत, एवढीच अडचण. खावटी चुकवून नवी गाडी उडवणाऱ्यांना वॉरंटच हवे, त्यात दयामाया नको. ज्याच्या प्रतिज्ञापत्रात खरोखरच काही निघाले नाही, त्याला मात्र वॉरंटाआधी रोजगार केंद्राची चिठ्ठी द्यावी, तीन महिने तिथली हजेरी न्यायालयाने मागवावी आणि त्याच काळात न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत त्याची मुलाशी ठरावीक भेट व्हावी, अर्थात मुलाला आणि आईला त्याच्यापासून धोका नसेल तर. पुणे किंवा मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात हे वर्षभर करून बघायला नवा कायदा लागत नाही. आणि वर्षाअखेरीला कुणाची किती खावटी भरली गेली, एवढेच मोजू नये. मुलाच्या पालकसभेला कितीजण आले, तेही विचारावे.